उन्हाळ्यात स्मूद जॅझ आणि वर्ल्ड फ्युजन ऐकायला सुरुवात कशी करायची: गोव्यातल्या नवख्यांसाठी

मी फोंड्याजवळ राहतो, रोज कदंबाने पणजीला नोकरीला जातो, आणि घरात लहानपणापासून कानावर पडलं ते भजन, नाट्यसंगीत आणि चवथीची घुमटआरती. जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलात जेवताना मागे वाजतं ते, एवढंच माझं ज्ञान होतं. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कुणीतरी सांगितलं की उन्हाळ्यात स्मूद जॅझ ऐक, डोकं शांत होतं, म्हणून मी यूट्यूबवर सूर्यास्ताचा फोटो लावलेले आठ-आठ, दहा-दहा तासांचे मिक्स लावायला लागलो आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं की एकही धून आठवत नाही, एकाही वादकाचं नाव माहीत नाही. सगळा उन्हाळा ऐकून हातात काहीच नाही. मग पहिल्यापासून नीट सुरुवात केली. ते दोन महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपला कान तयार आहे. ज्याने समेवर मान डोलावली आहे त्याला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी ध्वनिमुद्रिका अंतराळात पाठवली तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचा जॅझही आहे, दोघं एकाच तबकडीवर बसून चाललेत. फक्त बैठकीला बसतो तसं ऐकायला बसायचं, एका वेळी एक रेकॉर्ड, वादकांची नावं माहीत करून घेऊन.

काय काय लागेल

- फोन आणि कुठलंही एक गाण्यांचं अ‍ॅप (स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जे असेल ते)
- वायरचे साधे पण बरे इअरफोन किंवा हेडफोन. ब्लूटूथ चालतं, पण मे महिन्यात वीज गेली की चार्जिंगची पंचाईत होते, वायरवाल्याला ती नाही
- फोनमध्ये दोन-तीन जीबी मोकळी जागा
- एक वही, खरोखरची कागदाची
- रोज चाळीस मिनिटं, ज्यात कुणी हाक मारणार नाही

१. आधी दोन नावांमधला फरक कळून घ्या

स्मूद जॅझ म्हणजे धून गाण्यासारखी गुणगुणता येईल अशी, मागे ड्रम आणि बेसचा सरळ ठेका, पुढे सॅक्सोफोन किंवा गिटार किंवा कीबोर्ड, आणि सोलो, म्हणजे एकेकाचं एकट्याचं वादन, आटोपशीर. सत्तरच्या दशकात जॅझ वादकांनी सोल आणि पॉपचा ठेका घेतला तिथून हे आलं, आणि १९८७ मध्ये लॉस एंजेलिसला 'द वेव्ह' नावाचं रेडिओ स्टेशन याच संगीतावर सुरू झालं, तेव्हापासून त्याचा बोलबाला वाढला.

वर्ल्ड फ्युजन म्हणजे दोन-तीन वेगळ्या परंपरांचे वादक एकत्र बसून वाजवतात, कुणीही आपली भाषा सोडत नाही. हे आपल्याला गोव्यात समजावून सांगायला नको. मांडो ऐका, व्हायोलिन आणि घुमट शेजारी शेजारी असतात. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेली गोव्याची पोरं मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा त्यांनी उभे केले, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रंपेट घेऊन सी. रामचंद्रांबरोबर होते. म्हणजे मराठी संगीतकार आणि गोंयकार जॅझवाला ही जोडी सत्तर वर्षांपूर्वीच जमली होती.

२. अ‍ॅपची सेटिंग आधी बदला

हे कंटाळवाणं आहे पण पाच मिनिटांत होतं. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा, नाहीतर अल्बम संपला की अ‍ॅप स्वतःच्या मर्जीने दुसरंच काहीतरी सुरू करतं आणि तुम्हाला कळतही नाही कधी बदललं. क्रॉसफेड (एक गाणं विरता विरता दुसरं सुरू होणं) बंद करा, शफल बंद करा. फुकटच्या अकाऊंटवर जाहिराती मधे येतात, एका महिन्यापुरते पैसे भरून बघा, वर्षाचा प्लॅन लगेच घेऊ नका, आधी सवय लागते का ते बघा.

डाउनलोडचा हिशेब असा की ३२० केबीपीएसला (आवाजाचा वरचा दर्जा) एका तासाचं संगीत साधारण १४४ एमबी घेतं, म्हणजे दहा अल्बम दीड जीबीच्या आत बसतात. रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. बसमध्ये रेंज जाते, चोर्ला किंवा अनमोड घाटात तर विचारूच नका, आणि ऐन सोलोत गोल चक्र फिरायला लागलं की मनातून उतरतं ते संगीत, चूक वादकाची नसते तरी.

३. पहिले दहा दिवस फक्त चार रेकॉर्ड

नवीन काय आलंय ते नंतर. आधी पाया. या चारांच्या बाहेर दहा दिवस जाऊ नका, मी खूप उड्या मारून वेळ घालवला म्हणून सांगतो.

*वाइनलाइट, ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर, १९८०.* स्मूद जॅझ कळायला एकच रेकॉर्ड ऐकणार असाल तर ही ऐका. सहा ट्रॅक, चाळीस मिनिटं. पहिल्या वेळी सॅक्सोफोनच ऐकाल, ते साहजिक आहे, पण दुसऱ्या वेळी सॅक्सोफोनकडे मुद्दाम दुर्लक्ष करून मार्कस मिलरचा बेस पकडा. तो तबल्याच्या बायासारखा खालून बोलत असतो, घुमतो, मधेच गप्प होतो. मला हे कळलं ती रात्र अजून आठवते, वीज गेली होती, पंखा बंद, घरात मिट्ट शांतता आणि कानात इअरफोन, पंख्याच्या घरघरीखाली जे रोज बुडत होतं ते सगळं अचानक वर आलं. याच रेकॉर्डवर बिल विदर्स यांनी गायलेलं 'जस्ट द टू ऑफ अस' आहे, ते तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच. त्याच्या मध्यावर एक टणटणीत पण गोड वाद्य येतं, पाण्यावर थेंब पडावेत तसं. ते त्रिनिदादचं स्टीलपॅन, तेलाच्या पिंपांपासून बनवायला सुरुवात झालेलं वाद्य, वाजवणारे रॉबर्ट ग्रीनिज.

*गेट्झ/जिल्बर्टो, १९६४.* हा ब्राझीलचा बोसा नोवा आणि अमेरिकेच्या स्टॅन गेट्झ यांचा सॅक्सोफोन यांचा मेळ. झुआंव जिल्बर्टो इतकं हळू गातात की शेजारी बसून कानात सांगताहेत असं वाटतं. भाषा पोर्तुगीज. माझ्या शेजारी एक वयस्कर आंटी आहेत, त्यांचं शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेलं, एका संध्याकाळी त्यांच्या बाल्कांवात बसून मी 'देसाफिनादो' लावलं तर त्या हसायला लागल्या, म्हणाल्या, देसाफिनादो म्हणजे बेसूर रे, तो तिला सांगतोय की मला बेसूर म्हणालीस तर मला लागतं. मी ते गाणं वीसेक वेळा ऐकलं होतं, आणि त्या दिवसापासून ते वेगळंच ऐकू येतं. तुमच्याही वाड्यावर असं पोर्तुगीज जाणणारं कुणी असेल तर त्यांच्यासोबत ऐका, नुसतं विचारलं तरी खुश होतात.

*शक्ती विथ जॉन मॅक्लॉक्लिन, १९७६.* शक्ती हा बँड: इंग्लंडचा गिटारवादक मॅक्लॉक्लिन, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम. ही लाइव्ह मैफल आहे. पहिलाच ट्रॅक 'जॉय' अठरा मिनिटांचा आणि सुसाट, त्याने दमायला होतं, म्हणून आधी पाच-एक मिनिटांचं 'लोटस फीट' ऐका, दोन दिवसांनी 'जॉय'कडे वळा.

*अ मीटिंग बाय द रिव्हर, १९९३.* विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची स्लाइड गिटार. दोघं आयुष्यात पहिल्यांदा भेटले आणि लगेच कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये बसून वाजवलं, ठरवलेलं जवळपास काही नव्हतं. चर्चच्या त्या मोकळ्या जागेची आस आवाजात ऐकू येते. मींड कुणाची आणि स्लाइड कुणाची हे ओळखायचा प्रयत्न करा, आधी चुकाल, मग दोन्ही तारांचा पोत वेगळा कळायला लागेल.

४. ऐकायचं कसं: सम शोधा

जॅझच्या बहुतेक तुकड्यांत आधी धून वाजते, तिला ते 'हेड' म्हणतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर बढत करतो, शेवटी सगळे परत धूनेवर येतात. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा, मग विस्तार, मग परत मुखडा. हे एकदा डोक्यात बसलं की हरवायला होत नाही.

सरावासाठी एक रेकॉर्ड स्मूद जॅझच्या बाहेरची सांगतो, माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ ची, तिच्यातला पहिला ट्रॅक 'सो व्हॉट'. घरात पेटी असेल तर काढा. त्याचे स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत. बत्तीस मात्रांचं नाही हं, बत्तीस बारचं आवर्तन, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. पहिले सोळा बार एका षड्जावर, पुढचे आठ बार सगळं जसंच्या तसं उचलून अर्ध्या स्वराने वर, म्हणजे कोमल रिषभालाच सा मानायचं, आणि शेवटचे आठ परत मूळ सा वर. बोटावर मोजत बसा. चौथ्या-पाचव्या वेळी तो वर सरकायचा क्षण यायच्या आधीच तुम्हाला कळायला लागेल, आणि खाली परतताना अगदी समेवर आल्याचा आनंद होतो. माझे वडील पेटी वाजवतात, त्यांना मी हे दाखवलं तर त्यांनी दुसऱ्याच फेरीला पकडलं आणि मग तासभर उठले नाहीत.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: रेकॉर्डचं नाव, कोण काय वाजवतंय, आणि कुठल्या मिनिटाला कान टवकारले. अ‍ॅपमध्ये गाण्याच्या बाजूच्या तीन ठिपक्यांत बऱ्याच ठिकाणी क्रेडिट्स असतात, तिथे नावं मिळतात.

५. गोव्याच्या उन्हाळ्यात कुठल्या वेळी काय

आपल्याकडे रागाला वेळ असते, मी तेच इथे लावून बघितलं आणि फरक पडला. हे माझं मत आहे, तुमचं वेगळं निघू शकेल.

सकाळी, पोदेराचा भोंगा होऊन गेल्यावर आणि ऊन तापायच्या आधी, 'अ‍ॅज वी स्पीक' (२०२३). झाकीर हुसेन, राकेश चौरसियांची बासरी, बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मेयर यांचा डबल बेस. बँजो आणि तबला एकमेकांशी इतकं स्वच्छ बोलतात की झोप उडते.

दुपारी दीड ते चार, जेवण झालेलं, सोलकढी पोटात, बाहेर पान हलत नाही, तेव्हा बोसा नोवा किंवा वाइनलाइट. मोठ्या स्पीकरवर नको, त्या वेळी अख्खा वाडा झोपलेला असतो.

संध्याकाळी दिवेलागणीला ट्युनिशियाचे उदवादक (उद म्हणजे तारा छेडून वाजवायचं अरबी वाद्य) अन्वर ब्राहिम, त्यांची 'आफ्टर द लास्ट स्काय' (२०२५). उद, चेलो, पियानो आणि बेस, बस्स. दोन स्वरांमध्ये इतकी जागा सोडतात ते.

रात्री अरूज आफताब, 'नाइट रेन' (२०२४). मूळच्या पाकिस्तानातल्या आणि आता न्यूयॉर्कच्या या गायिका उर्दू आणि इंग्रजी दोन्हींत गातात, हार्प आणि गिटार यांच्यात तो खालचा आवाज, काळोखात बसून ऐका.

६. नवीन काय आलं ते शोधायची रीत

२०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवा आणि अ‍ॅपच्या सुचवण्यांवर न जाता वादकाच्या नावाने शोधा. वही इथे कामाला येते. एखाद्या रेकॉर्डमधला बेसवाला आवडला तर तो आणखी कुणाबरोबर वाजवतो ते बघा, तिथून पुढच्याकडे जा. मी शक्तीवरून असाच त्यांच्या 'धिस मोमेंट' (२०२३) पर्यंत आलो, शंकर महादेवन गातात त्यात, २०२४ चा ग्रॅमी मिळाला. झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला गेले, त्यानंतर हा अल्बम मी बरेच दिवस लावू शकलो नव्हतो, आता लावतो.

या उन्हाळ्यासाठी आणखी काही: अनुष्का शंकर यांची 'चॅप्टर थ्री: वी रिटर्न टू लाइट' (२०२५), शबाका हचिंग्स यांची २०२४ ची बासऱ्यांची रेकॉर्ड (सॅक्सोफोन बाजूला ठेवून हा माणूस बासरीकडे वळला), टेक्सासच्या ख्रुआंगबिन या तिघांची 'अ ला साला' (२०२४), आणि निव्वळ स्मूद बाजूला डेव्ह कॉझ आणि बॉब जेम्स यांची 'जस्ट अस' (२०२५), सॅक्सोफोन आणि पियानो. बॉब जेम्स १९३९ चे, म्हणजे पंचाऐंशी वर्षांचे झाल्यावर आलेली रेकॉर्ड आहे ही.

७. इथे फसायला होतं

साल बघून फसू नका. अ‍ॅपवर अल्बमखाली कधी कधी पुन्हा प्रकाशित केल्याचं साल असतं, 'रिमास्टर' असं लिहिलेलं दिसलं तर मूळ साल शोधा, नाहीतर पन्नास वर्षं जुनी रेकॉर्ड नवी म्हणून मित्रांना पाठवाल.

एकाच नावाचे दोन वादक असतात. बिल इव्हान्स दोन, एक पियानोवादक (१९२९ ते १९८०) आणि एक सॅक्सोफोनवादक, आणि दोघेही माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेले, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. अविशाय कोहेनही दोन, एक बेसवाले आणि एक ट्रंपेटवाले, दोघंही इस्रायलचे. शंकर तर किती आहेत ते मोजूच नका.

ज्या मिक्सवर एकाही वादकाचं नाव नाही ते सोडून द्या. त्यातलं बरंचसं यंत्राने केलेलं असतं, आणि माणसांचं असलं तरी ती माणसं कोण हे कुणी लिहिलेलं नसतं. आवडलेल्या रेकॉर्डचे पैसे थेट वादकाकडे जास्त जावेत असं वाटत असेल तर बँडकॅम्प या साइटवर विकत घ्या, फाइल कायमची तुमची होते.

फोन उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून गाणी लावू नका, मे महिन्यात तो तापून बंद पडतो, माझा दोनदा पडला.

८. प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर

३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, युनेस्कोने २०११ मध्ये ठरवलेला, आणि २१ जून हा जागतिक संगीत दिन. या दोन तारखांच्या आसपास पणजीत आणि उत्तर गोव्यात काय आहे ते शोधत राहा. कांपालच्या कला अकादमीच्या कार्यक्रमांवरही नजर असू द्या. खरा सीझन नोव्हेंबर ते मार्च, मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक उतरवायला घेतात, त्यामुळे उन्हाळ्यात मोजकंच असतं पण गर्दीही नसते, पुढच्या खुर्चीत बसायला मिळतं.

जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रवेश फी किती, टेबलाला कमीत कमी किती रुपयांची ऑर्डर द्यावी लागते, आणि वादन नेमकं किती वाजता सुरू होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रवेश फुकट असं सांगितलं होतं, आत बसल्यावर माणशी ठरावीक ऑर्डर सक्तीची निघाली, बरोबर भाऊ आणि वहिनी होते, खिसा रिकामा करून आलो. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही म्हणून कार्यक्रम लवकर सुरू होतात, आठला आरामात पोचू म्हणाल तर अर्धं गेलेलं असेल. आणि परतीची शेवटची बस कधी ते बस स्टँडवर आधीच विचारून ठेवा.

मध्यंतरात वादकांशी जाऊन बोला. लाजू नका. वहीतली नावं दाखवली की ते स्वतःहून आणखी चार नावं लिहून देतात, माझ्या वहीचं एक अख्खं पान एका सॅक्सोफोनवाल्या काकांच्या अक्षरात आहे.

९. पावसाच्या आधी आवरून घ्या

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की कौलांवरच्या आवाजात उद आणि जिल्बर्टोंचा आवाज पार बुडून जातो, म्हणून हळुवार रेकॉर्ड सगळ्या एप्रिल-मेमध्येच ऐकून घ्या. हेडफोन आणि छोटा स्पीकर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, समुद्राची खारी हवा आणि ओल यांनी माझा एक स्पीकर दोन पावसांत गंजला.

पावसासाठी त्रिलोक गुर्टू राखून ठेवा. तबला आणि ड्रम एकत्र करून वाजवणारा हा मुंबईचा माणूस, आणि त्यांच्या 'उस्फ्रेट' (१९८८) या रेकॉर्डवर त्यांची आई गायली आहे. आई म्हणजे ठुमरीच्या शोभा गुर्टू, जन्म बेळगावचा, माहेरच्या भानुमती शिरोडकर, आणि त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेल्या. बाहेर धो धो पडत असताना खिडकी लावून ती रेकॉर्ड मोठ्याने लावा, ताल पावसाला पुरून उरतो, आणि त्या सगळ्या गदारोळातून शोभाताईंचा आवाज वर येतो तेव्हा मिनिट वहीत लिहून ठेवा.